उसनी प्रश्नचिन्हं

गायधनीबाईंच्या अंकाला
दर महिन्याला प्रश्नचिन्हं कमी पडायची.
केसच्या खणात बोटं घातली की तळ लागायचा.
मग सायकल काढून रविवार कारंजा,
कुलथ्यांचा छापखाना. तिथे नुसत्या लग्नपत्रिका;
त्यांची प्रश्नचिन्हं कोरी करकरीत,
वीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही.
कुलथे मोजून द्यायचे, चाळीस.
'परत आण रे तांबोळी, आणि झिजवू नकोस.'

बाई म्हणायच्या, झिजू द्या.

'चिंचोका' निघायचा भद्रकालीत,
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीतून.
गिरणी सुरू झाली की गॅली थरथरायची,
वेलांट्या जागा सोडतील अशी भीती.
प्रूफांवर पिठाची साय.
पोस्टमन म्हणायचा, तुमच्या अंकाला बाजरीचा वास येतो.
तिकडे नाशिकरोडला रात्रंदिवस सरकारी नोटा छापत होते
आणि इकडे आम्ही, त्याच गावचे छापणारे,
कागदवाल्याला सांगत होतो
पुढच्या सोमवारी, नक्की.

पुण्याहून मोठमोठ्यांच्या गोष्टी यायच्या.
सुरेख अक्षर, शेवटी दोनदा अधोरेखित 'तात्पर्य'.
बाईंची लाल पेन्सिल तिथूनच सुरू व्हायची,
खालून वर, जिना चढल्यासारखी.
समासात लिहायच्या:
हे मुलांना सांगू नये. त्यांना ठाऊक आहे.
स्वतःच्या गोष्टींवर तर जास्तच राग.
एक खारीची होती, पाच वर्षं दुरुस्त केली.
सतरा पानांची चार झाली,
मग दोन,
मग फक्त खार उरली आणि एक भिंत.
ती छापली.

माझी नसरीन तेव्हा सात वर्षांची.
टेबलाखाली बसून ओलं प्रूफ वाचायची.
पगार, अंकाला एक पेरू.
तिला जांभई आली की बाई वाकून विचारायच्या,
कितवी ओळ?
एकदा एका नामवंतांचा अख्खा परिच्छेद
तिच्या जांभईत गेला.
त्यांचं रागाचं पत्र आलं.
बाईंनी उलट टपाली कळवलं,
संपादक मंडळाचा निर्णय आहे.

हरसूलकडून एक कार्ड आलं होतं, शिसपेन्सिलीचं.
'खार मेली का भिंतीपलीकडे गेली?
खरं सांगा. माझा भाऊ पण गेला.'

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.
कार्ड लिहिलं, फाडलं. लिहिलं, फाडलं.
सात कार्डं, तेव्हा पंधरा पैशांना एक.
आठवं माझ्यापुढे धरलं:
'मलाही माहीत नाही. तुझ्या भावाचं नाव काय?'
मी म्हटलं, बाई, एवढंच?
त्या म्हणाल्या, एक शब्द अजून जास्त आहे,
सापडत नाहीये.

उत्तर आलं, एका शब्दाचं.
पुढच्या अंकातल्या होडीवर ते नाव होतं, धवळू.
होडीचं नाव असं का,
तेवढं मात्र कुणी विचारलं नाही.

ऑफसेट आलं, बाई गेल्या;
आधी कोणतं, ते आता नीट आठवत नाही.
खिळे किलोवर विकले.
कुलथ्यांची शेवटची चाळीस परत करायला गेलो
तर दुकानात त्यांचा नातू, मोबाइलची कव्हरं विकत.
म्हणाला, कसली प्रश्नचिन्हं, काका?

एकोणचाळीस भंगारात गेली. एक खिशात असतं.
जुळाऱ्याला सगळं उलटं वाचायची सवय,
बाईंनाही मी एकतीस वर्षं उलटंच वाचलं,
त्यांचा राग, त्यांचं गप्प बसणं.
खिळ्यावर चिन्हही उलटंच असतं ना;
उजेडात धरलं
की कानासारखं दिसतं.
लहान मुलाच्या उंचीला वाकलेल्या कानासारखं,
शिशाचं,
एका बाजूने झिजलेलं.